लेबलचा दर १,८०० वरून १२,०००: एका फ्रीलान्स डिझायनरचं प्रकरण

हे प्रकरण सांगली भागातल्या एका फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरचं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कामाचा दर्जा आधीपासून चांगला होता, आणि या सगळ्या काळात त्यात फारसा फरक पडला नाही. बदललं ते काम लोकांसमोर मांडण्याचं तंत्र. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात बघण्याजोगं आहे.

पार्श्वभूमी

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात हळद, बेदाणे, भडंग, मसाले, लोणची बनवणारे छोटे उत्पादक भरपूर. २०२० साली केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू झाली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळू लागलं. त्यानंतर साध्या पिशवीत सुटा माल विकणारे अनेक जण छापील पाऊच आणि लेबलकडे वळले.

डिझायनर पाच वर्षं या धंद्यात होत्या. लोगो २,५०० रुपये, लेबल १,८००, व्हिजिटिंग कार्ड ५००. शिवाय फ्लेक्स, लग्नपत्रिका, सणांच्या शुभेच्छा. महिन्याला सरासरी १४ कामं, जमा साधारण ३१,५००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज आणि बाकी खर्च ६,५०० वजा केला की हातात २५,००० उरायचे.

या कष्टाचे तासाला किती पडतात हे कळलं ते चार आठवडे तासांची नोंद ठेवल्यावर. महिन्याला १९० तास, म्हणजे ताशी सुमारे १३२ रुपये. त्यातलं एक लेबल तर १७ तास चाललं होतं: डिझाईनला ६, ग्राहकाकडून मजकूर गोळा करायला ३, दुरुस्त्यांना ५ आणि प्रिंटरच्या मागे लागण्यात ३. बिल मात्र १,८०० चंच. दर वाढवायचा विचार असेल तर आधी ही नोंद हवी. अंदाजाने सांगितलेले तास नेहमी कमी निघतात, कारण फोनवर गेलेला वेळ कुणीच धरत नाही.

अडचण कुठे होती

नोंदवही बघून डिझायनरांनी मार्चमध्ये ११ नेहमीच्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवली: '१ एप्रिलपासून लेबलचा दर ३,५०० राहील.' चार ग्राहक गेले, पाच जण घासाघीस करून जुन्याच दरावर आले, दोघांनी मान्य केलं. एकाने सरळ सांगितलं, "ताई, समोरचा प्रिंटर डिझाईन फुकट देतोय की. दोन तासांचं तर काम आहे."

या वाक्यावर रागावून उपयोग नाही, कारण त्या ग्राहकाला दिसत होतं तेवढंच तो बोलत होता. छपाईसोबत डिझाईन मोफत, हीच छोट्या शहरातली खरी स्पर्धा. तिच्यापुढे स्वस्त डिझायनर कायम हरतो, कारण मोफतच्या खाली जाताच येत नाही.

मग एका परक्या ग्राहकाच्या नजरेने सगळं तपासलं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये लोगो, कार्ड, फ्लेक्स, पत्रिका, लेबल, सगळं एका रांगेत आणि प्रत्येकाखाली आकडा. इन्स्टाग्रामवर ४३० पोस्ट, त्यांपैकी ३०० च्या आसपास सणांच्या शुभेच्छा. कामांची पीडीएफ ५८ पानांची आणि ४७ एमबीची, मोबाईलवर उघडेपर्यंत माणूस कंटाळणार. पानांवर फक्त चित्रं, तीही बहुतेक तयार मॉकअपमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली पाऊच-बाटलीच्या चित्रात, बसवलेली. कोटेशन म्हणजे 'लेबल १८००' एवढा मेसेज.

हे बघून ग्राहक 'किती घेता?' याखेरीज दुसरं काय विचारणार? विचारण्यासारखं दुसरं काही समोर ठेवलेलंच नव्हतं.

जुन्या ग्राहकांनी काय सांगितलं

पुढचं पाऊल या प्रकरणात सगळ्यात मोलाचं ठरलं. डिझायनरांनी सहा जुन्या ग्राहकांना फोन करून तीनच प्रश्न विचारले. काम देण्याआधी कशाची धास्ती होती? छापून आल्यावर काय झालं? हे काम झालं नसतं तर काय अडलं असतं?

'डिझाईन सुंदर झालं' असं सहांपैकी एकानेच म्हटलं. बाकीच्यांच्या तोंडी नुकसानीच्या गोष्टी होत्या. एका हळद उत्पादकाची आधीची ५,००० लेबलं रद्दीत गेली होती, कारण सुपरमार्केटच्या काउंटरवर बारकोड वाचला जात नव्हता. एकाच्या पाऊचवरचा पत्ता सीलिंगच्या पट्टीत दबला होता. तिसऱ्याच्या लेबलवर बॅच नंबरचा शिक्का चकचकीत वार्निशवर टिकत नव्हता, बोट फिरवलं की शाई निघायची. आणि डिझायनरांनी या तिन्ही चुका पुढच्या छपाईत न बोलता दुरुस्त केल्या होत्या. न बोलता, म्हणजेच त्याचे पैसे न मागता आणि कुठे दाखवताही न येता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आणखी कामं घेण्याचा. १९० तासांनंतर तो उरतच नाही.

दुसरा, परदेशी ग्राहकांसाठीच्या ऑनलाईन फ्रीलान्स मंचांचा. तिथे दर चांगले दिसतात, पण नव्या माणसाला अभिप्राय जमेपर्यंत तळाच्या दरात कामं घ्यावी लागतात आणि मंचाचं शुल्क वेगळं. शिवाय इथल्या छपाईचं, मराठी मजकुराचं, लेबलच्या नियमांचं जे ज्ञान पाच वर्षांत जमलं, त्याला तिथे काहीच किंमत नव्हती. हा पर्याय सोडणं योग्यच झालं.

तिसरा, पुण्यातल्या एजन्सीचं महिना ठरावीक रकमेचं काम. उत्पन्न स्थिर, पण कामावर नाव एजन्सीचं, म्हणजे दाखवायला काही उरत नाही.

चौथा, अन्नपदार्थांच्या पॅकिंगपुरतं मर्यादित होऊन तेच नीट मांडायचं. धोका उघड होता: फ्लेक्स आणि पत्रिकांचा रोजचा पैसा बंद होणार. डिझायनरांनी हाच पर्याय निवडला, मात्र मागच्या दाराने एक सोय ठेवली. महिना ८,००० चं सोशल मीडिया पोस्टचं एक काम चालू ठेवलं आणि ते कुठेही दाखवलं नाही. आपलं म्हणून दाखवायचं काम आणि पोटासाठी करायचं काम वेगळं ठेवता येतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

काय केलं: कामांची मांडणी

५८ पानांतून पाच कामं निवडली. १४ पानं, ६ एमबी, मोबाईलवर उभ्या पानात वाचता येईल असा अक्षराचा आकार. प्रत्येक कामाला एकच क्रम: आधीचं पॅकिंग, अडचण, काय ठरवलं आणि का, छापून आलेली वस्तू, पुढे काय झालं.

हळदीच्या २०० ग्रॅम पाऊचचं पान उदाहरणादाखल बघू. आधीच्या लेबलवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लालसर रेघांचा बारकोड होता. काउंटरवरचे बहुतेक स्कॅनर लाल प्रकाशावर चालतात, त्यांना लाल रेघ आणि पिवळी जागा यांतला फरक दिसत नाही. नव्या डिझाईनमध्ये पांढऱ्या चौकटीत काळा बारकोड घेतला. १३ अंकी ईएएन बारकोडचा मूळ आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर असतो आणि तो ८० टक्क्यांखाली नेऊ नये. म्हणून चौकट त्या हिशेबाने ठेवली आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडली. बॅच नंबर, तारीख आणि किंमत यांच्या शिक्क्यासाठी एक खिडकी बिनवार्निशची ठेवली. हे सगळं पानावर सहा ओळींत आलं. हे वाचणारा उत्पादक 'रंग छान आहे' म्हणत नाही, 'आमच्या पाऊचलाही हेच होतंय' म्हणतो.

मॉकअप काढून खऱ्या वस्तूंचे फोटो घेतले. पाऊच रिकामा असला की सुरकुततो, म्हणून त्यात खरा माल भरला. खिडकीच्या काचेवर बटर पेपर लावून उजेड मऊ केला, नाहीतर चकचकीत प्लास्टिकवर पांढरे पट्टे उठतात. मागे पांढरा कार्डशीट. मोबाईल स्टँडवर, आणि दुप्पट झूमवर थोडा लांबून, कारण जवळून काढलं की पाऊच वरून फुगलेला दिसतो. प्रत्येक वस्तूचा एक फोटो दुकानाच्या फळीवर, शेजारच्या मालासकट.

एका ठिकाणी मोह झाला होता. एका ग्राहकाने तोंडी सांगितलं होतं, 'नवीन पाऊचनंतर विक्री दीडपट झाली.' हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकायचं का? पण नवीन पाऊच दिवाळीच्या तोंडावर आला होता, वाढ त्यामुळेही असेल. शेवटी जे दाखवून देता येईल तेवढंच लिहिलं: 'तीन वेळा छपाई, एकही लॉट परत नाही.' निर्णय बरोबर होता. छोट्या गावात ग्राहक एकमेकांना फोन करतात आणि फुगवलेला आकडा आठवड्यात उघडा पडतो.

फोटो आणि माहिती वापरायला पाचही ग्राहकांकडून लेखी होकार घेतला. सहाव्याने नकार दिला, ते काम गाळलं.

ओळखीची ओळही बदलली. पहिला मसुदा 'ब्रँड स्टोरीटेलिंग आणि व्हिज्युअल आयडेंटिटी' असा होता. तो दोन ग्राहकांना वाचून दाखवला, दोघांनाही अर्थ लागला नाही. मग लिहिलं: 'अन्नपदार्थांच्या पॅकिंगचं डिझाईन, मजकूर तपासण्यापासून छपाई हातात येईपर्यंत.'

काय केलं: बोलणी आणि कोटेशन

पहिल्या फोनला वीस मिनिटं ठरवली. माल किती, कुठे विकणार, पाऊच की बाटली, आधी कुठे छापलं, काय बिघडलं, अन्नपदार्थांचा परवाना (FSSAI) आहे का, माल बाजारात कधी हवा, होकार देणारा माणूस कोण. शेवटचा प्रश्न विसरला की भावाला, मेहुण्याला, दुकानदाराला दाखवून दुरुस्त्यांची मालिका सुरू होते. फोन संपताना आकड्यांची पट्टी सांगायची: 'असं काम साधारण १२ ते १५ हजारांत जातं.' नेमका दर कोटेशनमध्येच. पट्टी आधी सांगितली की २,००० ची तयारी असलेला माणूस तिथेच थांबतो आणि दोघांचा वेळ वाचतो.

कोटेशन दोन पानांचं. वरच्या अर्ध्या पानात ग्राहकाची अडचण त्याच्याच शब्दांत, मग तीन पर्याय. फक्त लेबलचं डिझाईन ६,५००. डिझाईन, मजकुराची तपासणी आणि प्रिंटरकडचा पाठपुरावा १२,०००. चार उत्पादनांचा संच २८,०००. 'घ्यायचं की नाही' या प्रश्नाच्या जागी 'यातलं कोणतं' हा प्रश्न आल्यामुळे घासाघीस बरीच कमी झाली.

मजकुराची तपासणी म्हणजे यादी लावून बघणं: १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह, घटक, निव्वळ वजन, एमआरपी आणि प्रति ग्रॅम किंमत, बॅच, तारखा, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. फाइल देताना कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा रंगीत भाग), सील पट्टीच्या जागेत मजकूर नाही, आणि मराठी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतीत, बदललेली. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात आणि बहुतेकदा हे छपाई झाल्यावरच दिसतं.

पैशांचे टप्पे: निम्मे आधी, ३० टक्के डिझाईन मान्य झाल्यावर, २० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. दोन फेऱ्या दुरुस्ती दरात धरलेल्या, पुढची प्रत्येक फेरी ८००. कोटेशनची मुदत १५ दिवस. काय धरलेलं नाही तेही लिहिलं: परवाना, पोषणमूल्यांची चाचणी, बारकोड नंबरची खरेदी, छपाई.

हक्कांचं कलम वेगळं होतं. कॉपीराईट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखी सोपवावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. निर्यात करणाऱ्या बेदाणा उत्पादकाला हे महत्त्वाचं वाटलं. पूर्ण पैसे आल्यावर निवडलेल्या डिझाईनचे हक्क सर्व देशांसाठी कायमचे ग्राहकाकडे, नाकारलेले नमुने डिझायनरकडे, असं लिहिलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली, ती मोफत होते, आणि तिचा क्रमांक बिलावर घातला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार करारात जास्त मुदत लिहिली असली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. कुणाला तसं खडसवायची वेळ आली नाही, क्रमांक दिसणं पुरेसं होतं.

प्रिंटरांचा प्रश्न

जुनी निम्मी कामं प्रिंटरांच्या ओळखीने यायची आणि काही प्रिंटर डिझायनरला कमिशन देतात. आता 'छपाई हातात येईपर्यंत' ग्राहकाच्या बाजूने उभं राहायचं म्हटलं तर कमिशन घेता येत नाही. डिझायनरांनी कोटेशनमध्येच लिहिलं की प्रिंटरकडून कोणतंही कमिशन घेतलं जात नाही. एका प्रिंटरने कामं पाठवणं बंद केलं. दोघांनी चालू ठेवलं, कारण इथून आलेल्या फाइलवर त्यांच्या ऑपरेटरला काम करावं लागत नाही. सगळ्या निर्णयांत हा सर्वांत कठीण होता, आणि १२,००० च्या दराला खरा आधार याचाच मिळाला.

निष्पत्ती

पहिले तीन महिने जमा घसरली: २२,०००, १९,५००, २७,०००. या काळात मोह होतो तो जुना कॅटलॉग परत लावायचा. तो आवरता आला तो त्या ८,००० च्या कामामुळे.

पहिल्या सहा महिन्यांत नव्या ग्राहकांना २३ कोटेशन गेली. ९ मंजूर झाली. उरलेल्या १४ पैकी ६ दरावरून गेली, ५ जणांनी उत्तर दिलं नाही, ३ जणांनी काम पुढे ढकललं. नवव्या महिन्याच्या सुमारास महिन्याला सरासरी पाच कामं, जमा ५२,०००, तास १५०, खर्च ९,०००. हातात ४३,०००, म्हणजे ताशी सुमारे २८७ रुपये. पाचांतली तीन कामं आधीच्याच ग्राहकांच्या नव्या उत्पादनांची.

उरलेल्या सात जुन्या ग्राहकांना यावेळी सहा आठवडे आधी कळवलं. हातातली कामं जुन्या दराने पूर्ण होतील, पुढे लेबल ४,५००, आणि सोबत नवी पीडीएफ. चौघे राहिले, दोघे गेले, एक जण फक्त किरकोळ बदलांसाठी येतो. मार्चमधल्या एका ओळीच्या मेसेजला आलेल्या उत्तरांशी ताडून बघावं.

हे यश फक्त मांडणीचं नाही, हेही सांगायला हवं. नवे उत्पादक बाजारात येत होते आणि डिझायनरकडे छपाईचं पक्कं ज्ञान होतं. ते नसताना अशी पीडीएफ केली तर पहिल्याच लॉटला उघडं पडायला होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महाग चूक एका शब्दाची. पीडीएफच्या पहिल्या आवृत्तीत 'नियमांनुसार लेबलची हमी' असं लिहिलं होतं. एका लोणचं उत्पादकाने पोषणमूल्यांचा तक्ता कुठूनतरी उतरवून दिला आणि दुकानाने त्यावर हरकत घेतली. ग्राहकाने 'हमी'वर बोट ठेवलं. डिझाईन मोफत बदलून द्यावं लागलं आणि फेरछपाईचे निम्मे पैसे, ४,५००, भरावे लागले. आता तिथे 'यादीनुसार तपासणी' असे शब्द आहेत आणि मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी उत्पादकाची, हे त्याच्या सहीनिशी घेतलं जातं. पेशाच्या बाहेरची हमी कोणी मागितली तरी देऊ नये.

दुसरी चूक क्रमाची. दर मार्चमध्ये वाढवला आणि मांडणी नंतर बदलली. उलट केलं असतं तर त्या चार ग्राहकांपैकी काही जण टिकले असते.

तिसरी, संचाचा दर. चार उत्पादनांचे २८,००० ठरवताना असं धरलं की एक डिझाईन झालं की बाकी फक्त रंग बदलायचे. प्रत्यक्षात घटक, वजन, तारखा, बारकोड प्रत्येक उत्पादनाचे वेगळे तपासावे लागतात. पहिल्या संचाला ११८ तास गेले, खर्च न वजा करताही ताशी २३७ रुपये. आता पहिलं उत्पादन पूर्ण दराने आणि पुढचं प्रत्येक ६० टक्क्यांनी लावतात, म्हणजे चारांचे ३३,६००.

चौथी, शिल्लक. दोन महिन्यांचा खर्च हाताशी होता, घसरण तीन महिने चालली. चार महिन्यांची तजवीज असती तर तिसऱ्या महिन्यात ६,५०० चं एक काम ४,००० ला घ्यावं लागलं नसतं. त्या ग्राहकाकडून आजही तोच दर मिळतो.

आणि फोटो. पाच वर्षांच्या कामातली कितीतरी पॅकिंगं छापून विकून संपली होती, एक नगसुद्धा ठेवलेला नव्हता. आता प्रत्येक छपाईतले दहा नग डिझायनरकडे द्यायचे, ही अट कोटेशनच्या दुसऱ्या पानावर असते.